महापुरात दिसणारी माणुसकी एरवी कुठं अडकते?

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळच्या चहासोबत एक प्रश्न ठरलेला असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा या दोन्ही रेषा ओलांडून कितीतरी वर गेली. तेव्हा तालमी आणि मंडळं रात्रीतून कामाला लागली, घराघरांतून भाकरी बांधून गेल्या. शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला, तेव्हा अडकलेल्या परप्रांतीय ट्रकचालकांना आसपासच्या लोकांनी जेवू घातलं. जात, गाव, ओळख कुणी विचारली नाही.

पाणी ओसरतं. मग नोव्हेंबरातल्या कुठल्याशा मंगळवारी केएमटीच्या बसमध्ये एक बाई कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन उभी असते, आणि आजूबाजूची दहा माणसं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असतात. हीच माणसं. यातल्याच कुणीतरी पुरात रात्रभर बोटीतून माणसं काढलेली असतात.

यावर आपल्याकडे तयार असलेलं उत्तर म्हणजे 'आता माणुसकीच उरली नाही'. हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्यानं नुकसानही होतं. माणुसकी उरलीच नाही असं ज्याला वाटतं तो मदत मागत नाही, आणि द्यायलाही कचरतो. माणसं कधी मदतीला धावतात आणि कधी जागची हलत नाहीत, याचा अभ्यास साठ वर्षं चालू आहे. त्यातून जे हाती आलं आहे ते रोजच्या वापराचं आहे.

पाणी आहे, बरगे घातलेले आहेत

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्या सगळ्यांच्या बघण्यातला. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. बरग्यांच्या दोन रांगा आणि मधे दाबून भरलेली माती, की पाणी अडलं. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पावसाळा सरला की पुन्हा घालतात. बरगे घातलेले असताना खालच्या अंगाला पात्र कोरडं दिसतं, म्हणून नदी आटली असं आपण म्हणत नाही.

माणसाच्या मदतीचंही असंच आहे. बिब लताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिलं, की मदतीची इच्छा आणि प्रत्यक्ष मदत यांच्यामध्ये पाच टप्पे असतात. काहीतरी घडतंय हे आधी दिसावं लागतं. मग ही अडचण आहे हे कळावं लागतं. मग 'हे माझं काम आहे' असं वाटावं लागतं. काय करायचं ते माहीत असावं लागतं. आणि शेवटी पुढं व्हायचं धाडस व्हावं लागतं. यातला एक जरी टप्पा चुकला तरी बाहेरून चित्र एकच दिसतं: माणूस नुसता उभा राहिला.

पुरात हे पाचही बरगे एकदम निघतात. पाणी सगळ्यांना दिसतं. अडचण आहे की नाही ही शंकाच नसते. गल्ली आपली असते, त्यामुळे काम आपलंच असतं. भाकऱ्या करा, दोर धरा, गाळ काढा, हे सांगायला चार जण असतात. आणि 'लोक काय म्हणतील' याची भीती पार वाहून जाते. मंगळवारच्या बसमध्ये यातलं काहीच नसतं. ती बाई पुढच्याच थांब्यावर उतरणार असेल, तिला उभंच राहायचं असेल, दुसरा कुणी उठेल, आपण उठलो तर अवघडल्यासारखं होईल. एवढा विचार होईपर्यंत बस दसरा चौकातून पुढं गेलेली असते.

माणसं जास्त तर मदत जास्त, असं का होत नाही?

तिसरा बरगा सगळ्यात जड. एखाद्या प्रसंगी बघणारे जितके जास्त, तितकी प्रत्येकाला आपली जबाबदारी कमी वाटते. याला 'बघ्यांचा परिणाम' म्हणतात. मोठ्या कुटुंबात गॅस बंद केला का हे प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं पाहिलं असेल, तसंच.

१९६८ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता पलीकडच्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू आला (तो आधी रेकॉर्ड केलेला होता). ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के ती फिट संपायच्या आत मदतीसाठी उठले. आपल्याशिवाय आणखी चौघं ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. न उठलेली माणसं निर्ढावलेली नव्हती. संशोधक आत गेले तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे हात थरथरत होते.

यावर कुणी म्हणेल, मग गर्दीच्या ठिकाणी मदतीची आशाच सोडायची का? मुळीच नाही. लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ वेळा बघणाऱ्यांपैकी किमान एक जण मधे पडला होता. गर्दी जास्त असेल तर कुणीतरी पुढं होण्याची शक्यताही वाढलेली दिसली. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे आहेत. उघड भांडणात धोका सगळ्यांना दिसतो, पहिले दोन बरगे आपोआप निघालेले असतात. शिवाय गर्दीत प्रत्येक जण थोडा कचरतो, पण माणसंच इतकी असतात की एखादा निघतोच. आणि पहिला निघाला की दुसरा, तिसरा लगेच येतात. अडतं ते पहिल्यापाशी.

म्हणून गर्दीत मदत मागायची रीत ठरलेली आहे. 'कुणीतरी फोन करा हो' असं ओरडू नका, त्यातला 'कुणीतरी' म्हणजे कुणीच नाही. एका माणसाकडं बोट करा, त्याची खूण सांगा आणि एकच काम द्या: 'दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ ला फोन लावा. मावशी, तुम्ही पिशवी सांभाळा. तू रे, रिक्षा बाजूला घ्यायला सांग.' तिघांचे तीन बरगे तुम्ही एका दमात काढलेत.

फिट आली तर: चौथा बरगा जवळून

विषय फिटचा निघालाच आहे तर नीट बघू, कारण 'काय करायचं ते माहीत नाही' हा चौथा बरगा इथं स्पष्ट दिसतो. मध्यवर्ती बसस्थानकावर किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत कुणाला फिट आली की भोवती कडं पडतं, आणि कुणीतरी चप्पल नाहीतर कांदा हुंगवायला धावतं. त्या माणसाची माया खरी असते, उपाय मात्र निरुपयोगी. फिट चपलेनं थांबत नाही. बहुतेक वेळा ती एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं.

करायचं ते एवढं. घड्याळ बघा, कारण फिट किती वेळ चालली हे डॉक्टरांना लागतं. आजूबाजूची टणक वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या: घडी घातलेला टॉवेल, जर्किन. गळ्याजवळचं बटण सैल करा. हातपाय दाबून धरू नका, त्यानं सांधा निखळू शकतो. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. दात तुटतो, नाहीतर पाणी श्वासनलिकेत जातं. झटके कमी झाले की माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. पाच मिनिटांच्या पुढं गेली, लागोपाठ दुसरी आली, माणूस गरोदर बाई असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर १०८. शुद्धीवर येताना माणूस गोंधळलेला आणि ओशाळलेला असतो. तेव्हा कडं पांगवणं आणि 'बस झालं, बरं आहे आता, घाई नाही' असं हळू आवाजात सांगणं हीसुद्धा मदतच.

ज्याला हे ठाऊक आहे तो पुढं होतो. त्याचं काळीज इतरांपेक्षा मोठं असतं असं नाही, त्याच्या पायापुढचा एक अडथळा कमी झालेला असतो.

घाई

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथं १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगायलाच हवा. धर्मोपदेशक होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत दारात वाकून बसलेला. ज्यांना भरपूर वेळ दिला होता त्यांतले ६३ टक्के थांबले. बेताचा वेळ असलेले ४५ टक्के. 'उशीर झाला, पळा' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांतले अवघे १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हा होता. त्यानंही फारसा फरक पडला नाही.

म्हणजे सकाळी साडेनऊला राजारामपुरीत सिग्नलवर हॉर्न वाजवणारा माणूस आणि रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर अनोळखी पोराचा फुगा झाडावरून काढून देणारा माणूस एकच असू शकतो. दहा मिनिटं आधी घर सोडणं ही गोष्ट माणुसकीच्या खात्यात कुणी धरत नाही. माझ्या मते धरायला हवी.

'एवढ्याशा गोष्टीनं काय होणार?'

पाचवा बरगा धाडसाचा, आणि तो इथं अडकतो. एक कप चहा, एक विचारपूस, दोन मिनिटं छत्रीत घेणं, हे आपल्याला इतकं किरकोळ वाटतं की करायचं राहूनच जातं. आपला हा अंदाज चुकतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला चुकतो.

शिकागोत थंडीच्या दिवसांत बर्फावर स्केटिंग करायला आलेल्या काही लोकांना संशोधकांनी गरम चॉकलेटचे कप दिले आणि सांगितलं, वाटलं तर हा अनोळखी माणसाला द्या. देणाऱ्यांना विचारलं, घेणाऱ्याला किती मोठी गोष्ट वाटेल? घेणाऱ्यांना विचारलं, किती मोठी वाटली? घेणाऱ्यांची उत्तरं स्पष्टपणे वरची होती. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा हा अभ्यास २०२२ सालचा. त्यांच्या म्हणण्यानुसार देणारा वस्तूचा हिशेब करतो, एका कपाची किंमत ती काय. घेणाऱ्याला मात्र कपाबरोबर आणखी एक गोष्ट मिळालेली असते: आपण कुणाच्या तरी लक्षात आलो. ती देणाऱ्याच्या हिशेबातच येत नाही. याच अभ्यासमालेत असंही दिसलं, की ज्यांना आपुलकीनं काही मिळालं, त्यांनी नंतरच्या एका खेळात तिसऱ्याच अनोळखी माणसाला जास्त वाटा दिला. देणाऱ्यांना हे पुढं जाईल याची कल्पना नव्हती.

मिसळीच्या गाडीवर मालक न मागता वाटीत थोडा कट वाढतो. त्याच्या दृष्टीनं ती एक पळी. पण गिऱ्हाईक मित्राला घेऊन पुन्हा येतं तेव्हा ते त्या पळीपायीच येतं.

मागणाऱ्याचा अंदाजही असाच चुकतो. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात, अनोळखी पाच जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायला किती जणांना विचारावं लागेल, यावर सहभागी लोकांचा अंदाज होता वीसेक. प्रत्यक्षात दहाच्या आसपास पुरले. लोक नाही म्हणतील असं आपण धरून चालतो, आणि विचारतच नाही.

'पोलिसांची भानगड मागं लागली तर?'

रस्त्यावरच्या अपघातात थांबायला लोक भितात ते याच कारणानं, आणि एकेकाळी ही भीती अगदी साधार होती. आता कायदा बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम.

जखमीला चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत केलीत, तर त्याबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती करता येत नाही. दवाखान्यात पोचवून तुम्ही निघून जाऊ शकता, आणि जखमीच्या उपचाराचे पैसे तुमच्याकडं मागता येत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही ही तुमची मर्जी. झालात तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी घ्यायचा असतो. उलट, गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात नेणाऱ्याला केंद्राच्या 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपयांचं बक्षीस आहे. शिरोली नाक्याला किंवा कागलच्या रस्त्याला अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ लावा. जवळची खूण सांगा, माणसं किती, बोलतात का, श्वास आहे का एवढं सांगा, आणि पलीकडून ठेवायच्या आधी फोन ठेवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

'लोक फसवतात त्याचं काय?'

फसवणारे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचं प्रमाण आपण फुगवून धरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह ४० देशांत १७ हजारांहून जास्त पाकिटं 'सापडली' म्हणून बँका, टपाल कार्यालयं, हॉटेलं अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडं दिली. काहींत पैसे नव्हते, काहींत थोडे होते. पैसे नसलेलं पाकीट परत करायला मालकाशी संपर्क साधणारे सरासरी ४० टक्के, आणि पैसे असलेल्याच्या बाबतीत ५१ टक्के. हा निकाल अर्थतज्ज्ञांनाही आधी ओळखता आला नव्हता.

तरी सावधपणा हवाच. रोख मागणाऱ्याला वस्तू द्या: तिकीट हवं असेल तर तिकीट काढून द्या, भूक असेल तर राइस प्लेट. ओटीपी, बँक खातं, गाडीची किल्ली मागणारी 'अडचण' असेल तर तिथंच थांबा.

मदत टोचते ती कधी

या विषयावरचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच गावातलं आहे. गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून पाण्याच्या हौदापायी मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. गंगारामनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान टाकलं. दुकान झालं, पण तिथला चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागला.

भांडवल देऊन थांबले असते तर ती नुसती मदत झाली असती. महाराज गिऱ्हाईक झाले. समोरच्याला घेणारा न ठेवता देणारा केलं. शिवाय बघणाऱ्या गावापुढं पहिलं पाऊल राजानंच टाकलं, आणि वर म्हटलं तसं अडतं ते पहिल्यापाशीच.

मदत टोचते ती बहुधा घेणारा लहान दिसतो तेव्हा. चारचौघांत पैसे काढून देणं, फोटो काढणं, 'बघ, मी होतो म्हणून' हे नंतर ऐकवणं. पुरानंतरही लोकांना नको असलेले जुने कपडे गठ्ठ्यांनी येत, आणि लागत होते चुना, झाडू, अंथरूण. न विचारता दिलं की असं होतं.

मग विचारायचं कसं

घरात कुणी गेलं असेल, आजारपण असेल, तर 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य प्रेमाचं असलं तरी कामाचं नाही. काय लागतंय ते शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं आणि संकोच मोडून फोन करायचा, ही तिन्ही कामं दमलेल्या माणसावरच पडतात. त्याऐवजी नेमकं आणि नाही म्हणता येईल असं विचारा: 'वहिनी, आज साडेसातला चार माणसांचा डबा आणते. भाकरी आणि मुगाची आमटी. चालेल का, की उद्या आणू?' डबा परत करायची काळजी नको म्हणून साध्या डब्यात द्या आणि 'मी येऊन नेईन' म्हणा.

सीपीआरला, म्हणजे जुन्या माणसांच्या थोरल्या दवाखान्यात, गगनबावडा, चंदगडकडून आलेली माणसं हातात कागद धरून उभी दिसतात. त्यांना बहुतेक वेळा पैसे नको असतात, केसपेपर कुठं काढायचा ते हवं असतं. 'तिकडं पलीकडं' असं हात करून सांगितलेलं त्या गोंधळात ध्यानात राहत नाही. खिडकीपर्यंत बरोबर जायला चार मिनिटं लागतात. रांगेतल्या पुढच्या माणसाला 'हे गावाहून आलेत, जरा यांच्याकडं बघा' म्हणून निघालात तरी पुरे.

दिसत नसलेल्या माणसाला रस्ता ओलांडून देताना तर चूक हटकून होते. आपण मागून दंड धरतो आणि ढकलत नेतो, किंवा काठीच पकडतो. त्याला पुढचं काही कळत नाही आणि तोल जातो. आधी बोला: 'दादा, बिंदू चौकाकडं निघालाय का? सोबत येऊ?' हो म्हणाले तर तुमचा कोपर पुढं करा. ते कोपराच्या जरा वर धरतील. तुम्ही अर्धं पाऊल पुढं चाला, म्हणजे तुमचं अंग वळलं की त्यांना हातातून कळतं. पायरी आली की कडेला क्षणभर थांबा, 'पायऱ्या आहेत, वर' किंवा 'खाली' असं सांगा. आणि शेवटची पायरी झाली की 'संपल्या' एवढं म्हणा. ते राहिलं तर तो माणूस सपाट फरशीवर पुढची पायरी समजून पाय टाकतो आणि त्याला हिसका बसतो.